विद्यार्थ्यांचा संघ नेपाळला न्यायचाय? आधी हे वाचा

काठमांडूत पहिल्याच दिवशी आमच्या एका विद्यार्थ्याने सरकारी गाडीवरची पाटी वाचली आणि ओरडला, "मॅडम, इथे शिक्षेचं वेगळं मंत्रालय आहे!" पाटीवर खरंच 'शिक्षा मन्त्रालय' अशी अक्षरं होती. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दहा मिनिटं सगळी बस हसत होती. मी मात्र मनातल्या मनात गेल्या चार महिन्यांच्या चुका मोजत होते, कारण त्यातल्या जवळपास सगळ्या याच जातीच्या होत्या. लिपी आपली, रुपया आपला, महिन्यांची नावं आपल्यासारखी, सीमा उघडी, व्हिसा नाही. म्हणून आपण गाफील राहतो. जर्मनीला जायचं असतं तर सहा महिने आधी फाइल केली असती. नेपाळला आपण नाशिकला निघाल्यासारखे निघतो.

मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मराठी शिकवते आणि सांस्कृतिक विभाग सांभाळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये २२ विद्यार्थी आणि आम्ही ३ शिक्षक असा संघ काठमांडूच्या एका क्याम्पसमध्ये सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी नेला. त्यानंतर तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतून फोन आले, "कसं केलंत?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

१. आधी माणूस शोधा, मग संस्था

आपल्याकडे गाडी सामंजस्य कराराने सुरू होते. प्राचार्य पत्र पाठवतात, उत्तराची वाट पाहतात, आणि सहा महिने जातात. उलट करा. तिकडचा एखादा प्राध्यापक गाठा, ज्याला तुमच्या विषयात खरोखर रस आहे. लोकसंगीत, पाली, नाटक, काहीही. पुण्यामुंबईत शिकून परत गेलेले नेपाळी माजी विद्यार्थी हा सगळ्यात चांगला दुवा. आमचा दुवा तोच होता.

काही शब्द आधीच माहीत असू द्या. तिकडे पदवी महाविद्यालयाला 'क्याम्पस' म्हणतात आणि प्राचार्यांना 'क्याम्पस प्रमुख'. अकरावी-बारावीला 'प्लस टू'. सामंजस्य कराराला ते 'समझदारी पत्र' म्हणतात, आणि अर्जाला 'निवेदन'. आपल्याकडे निवेदन मोर्चेवाले कलेक्टरला देतात, तिकडे रजेसाठीही निवेदनच लागतं. सर्वात मोठं आणि जुनं विद्यापीठ म्हणजे कीर्तिपूरचं त्रिभुवन विद्यापीठ, १९५९ सालचं. त्याच्याशी संलग्न क्याम्पस देशभर पसरलेले आहेत. धुलिखेलचं काठमांडू विद्यापीठ १९९१ चं. नाटक-संगीत-साहित्य हा तुमचा प्रांत असेल, तर कमलादीच्या नेपाळ प्रज्ञा-प्रतिष्ठानचं कामही पाहून ठेवा.

पैशांबद्दल एकच गोष्ट सांगते. बी. पी. कोइराला भारत-नेपाळ प्रतिष्ठान १९९१ पासून नेमक्या याच कामासाठी आहे, म्हणजे दोन्ही देशांमधली शैक्षणिक, सांस्कृतिक, वैज्ञानिक देवाणघेवाण. प्रस्ताव आधी पाठवा, बराच आधी. काठमांडूत भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचं स्वामी विवेकानंद सांस्कृतिक केंद्र आहे, त्यांनाही कळवा. पैसे नाही मिळाले तरी कधी सभागृह मिळतं, कधी प्रेक्षक. पण खर्चाचं गणित या मदतीवर मांडू नका. आम्ही निम्मा खर्च विद्यार्थ्यांकडून, निम्मा माजी विद्यार्थी संघाकडून उभा केला आणि मदत मिळाली तर बोनस असं धरून चाललो.

२. तारीख: इथे पाऊण महिना चुकता येतं

हा टप्पा नीट वाचा. बाकीचे चाळलेत तरी चालेल.

क्याम्पसकडून छान छापील निमंत्रण आलं. कार्यक्रम 'मंसिर ५ गते'. मी मराठीची बाई. मंसिर म्हणजे मार्गशीर्ष, हे कळायला मला वेळ लागला नाही, आणि तिथेच मी फसले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्गशीर्ष शुद्ध पंचमी पाहिली: १७ डिसेंबर. छान, दिवाळीची सुट्टी संपून परीक्षाही आटोपलेल्या. प्राचार्यांना तारीख दिली, पालकांना पत्रं गेली. महिनाभराने तिकडच्या सरांशी फोनवर बोलताना ते सहज म्हणाले, "तिहार सकेपछि भेटौंला", म्हणजे तिहार संपला की भेटू. तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. दिवाळी संपली की? आणि माझ्या डोक्यात डिसेंबर!

नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतावर चालतं. पण हा आपल्या पंचांगासारखा तिथींचा महिना नव्हे. तो सौर महिना आहे, सूर्यसंक्रांतीपासून सुरू होणारा, आणि 'गते' म्हणजे त्या महिन्याचा साधा दिवस. वर्ष बैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर बदलतं. संवत २०८० चा मंसिर ५ म्हणजे २१ नोव्हेंबर २०२३ होता. आपल्याकडे त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने मार्गशीर्ष आणखी पुढे सरकलेला. फरक पडला २६ दिवसांचा.

म्हणून:

- प्रत्येक पत्रात तिन्ही गोष्टी मागा: गते, इंग्रजी तारीख आणि वार. वार लिहिला की चूक लगेच पकडली जाते.
- फोनवर तारीख बदलणारं नेपाळी कॅलेंडरचं ॲप घ्या. डोक्यात हिशेब करू नका.
- महिन्यांची नावं ओळखीची वाटली तरी विश्वास ठेवू नका. त्यांचा असोज, कात्तिक, मंसिर आपल्या आश्विन, कार्तिक, मार्गशीर्षाशी जुळेलच असं नाही.
- दशैं (त्यांचा दसरा) आणि तिहार या काळात क्याम्पस ओस पडतात. मुलं आपापल्या जिल्ह्यात गेलेली असतात. ऑक्टोबरचा बेत शक्यतो टाळा.
- आमच्या वेळी शनिवार सुट्टीचा आणि रविवार कामाचा होता. शनिवारी कार्यक्रम ठेवलात तर सभागृह रिकामं.
- घड्याळ १५ मिनिटं पुढे. हे एवढं क्षुल्लक की सगळेच विसरतात, आणि मग पहिल्या सत्राला पाहुणेच उशिरा.

३. ओळखपत्रं: आधार पुरत नाही

१९५० च्या शांतता आणि मैत्री करारापासून भारतीय आणि नेपाळी नागरिक एकमेकांच्या देशात ये-जा करतात. व्हिसा लागत नाही. यातून लोक काढतात तो निष्कर्ष असा की काहीच लागत नाही. तसं नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक हवं. विमानाने जाणार असाल तर यात अजिबात सूट नाही.

गोम अशी की अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडे या दोन्हींपैकी काहीच नसतं. आधार असतं, पॅन असतं, लायसन्स असतं. आमच्या २२ पैकी १४ जणांकडे मतदार कार्ड नव्हतं. प्रवास ठरला त्याच आठवड्यात सगळ्यांना मतदार नोंदणीचा नमुना ६ ऑनलाइन भरायला लावा. कार्ड टपालाने घरी यायला वेळ लागतो, आणि फोनमधली पीडीएफ काउंटरवर चालेलच याची खात्री धरू नका. प्लास्टिकचं मूळ कार्ड हातात हवं.

कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं नेणार असाल तर १५ ते १८ वयोगटाला मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठराविक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. १५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्यांना पासपोर्टची किंवा मतदार कार्डाची सक्ती नाही. वय आणि ओळख पटवणारं, फोटो असलेलं कागदपत्र दाखवलं की झालं, आणि त्यांना आधारही चालतं. म्हणजे आधार चालत नाही ते नेमकं कॉलेजच्या वयाच्या मुलांना.

रस्त्याने सीमा ओलांडताना बहुतेक वेळा कुणी काही विचारतच नाही. सीमेवरच्या सुनौली गावाच्या कमानीखालून माणसं पिशव्या घेऊन बाजाराला जावं तशी पलीकडे जातात. इथेच आमच्या एका मुलाने स्वतःला हुशार समजलं. मतदार कार्ड आलं नव्हतं, तरी "काही होत नाही मॅडम" म्हणत आला. गेला आरामात. पण परीक्षेमुळे त्याला आणि आणखी एका मुलीला दोन दिवस आधी विमानाने परत पाठवायचं होतं. विमानतळावर काउंटरवरच्या बाईने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. तिचं बरोबरच होतं. मुलगी गेली, हा राहिला. तिकिटाचे पैसे बुडाले, आणि आमच्यातले एक सर त्याला घेऊन रात्रीच्या बसने परत सुनौलीला गेले.

तुमच्या गटात तिसऱ्या देशाचा एखादा विद्यार्थी असेल तर त्याला यातलं काहीच लागू नाही. त्याला नेपाळचा व्हिसा लागेल, आणि भारतात परत येण्यासाठी त्याच्या भारतीय व्हिसावर पुन्हा प्रवेशाची सोय हवी. हे आधी तपासा.

बाकी कागद, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तीन प्रतींत:

- तिकडच्या संस्थेचं निमंत्रण, तिन्ही प्रकारच्या तारखांसह
- प्राचार्यांचं पत्र, सर्वांची नावं आणि ओळखपत्र क्रमांकांसह, शिक्का मारलेलं
- विद्यापीठाची किंवा संस्थेची परवानगी. शिक्षक सरकारी सेवेत असतील तर त्यांच्या विभागाचं ना हरकत पत्र
- पालकांची संमतीपत्रं, मराठीत घेतली तरी इंग्रजी मजकूर सोबत
- प्रवास विमा, आणि प्रत्येकाचा रक्तगट व औषधं लिहिलेली यादी
- प्रत्येकाचे चार पासपोर्ट आकाराचे फोटो. सिम कार्डापासून कशालाही लागतात
- वाद्यं आणि यंत्रांची यादी (ती पुढे)

४. वाट

मुंबईहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनसहून काशी एक्सप्रेस आणि कुशीनगर एक्सप्रेस या त्यातल्या नेहमीच्या. दीड दिवसाचा प्रवास. गोरखपूरहून सुनौली साधारण १०० किलोमीटर. नौतनवापर्यंत रेल्वेही जाते, पण संघासाठी बस बरी. सुनौलीच्या पलीकडे बेलहिया, मग भैरहवा. तिथून लुंबिनी पाऊण-एक तासावर.

सापळा असा की दिवाळी ते छठ या काळात गोरखपूरची गाडी म्हणजे काय, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. आम्ही १५ नोव्हेंबरला, भाऊबीज आटोपून निघालो. आरक्षण होतं, तरी आमच्या २५ बर्थवर ४० माणसं होती. त्यात एक आजी होती, जिने सगळ्या मुलींना ठेकुआ खाऊ घातला, म्हणून तक्रार करत नाही. पण वाद्यं संडासापाशी ठेवून रात्रभर पाळीपाळीने जागावं लागलं. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच जण बसतात, तेव्हा मोठ्या गटासाठी स्टेशनवर जाऊन गट-आरक्षणाचा अर्ज करा.

इकडची बस थेट काठमांडूपर्यंत न्यायचा मोह होईल. नका करू. भारतीय गाडीला सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना काढावा लागतो, आणि डोंगरातल्या रस्त्याची सवय नसलेला चालक ही वेगळीच चिंता. भैरहवाहून नेपाळी बस ठरवा. काठमांडूपर्यंत नकाशावर २७० किलोमीटर दिसतात, दहा तास धरा. आम्ही गेलो तेव्हा बुटवल-नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि मुलांचे केस संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झाले होते. पुढे मुग्लिनपर्यंत रस्ता नदीच्या कडेने जातो. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. जून ते सप्टेंबर या वाटेने मुलं नेऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत.

लुंबिनीला दोन दिवस द्या. मायादेवी मंदिर आणि १८९६ मध्ये सापडलेला अशोकस्तंभ पाहायला एक सकाळ पुरते. दुसरा दिवस मठांच्या परिसरात नुसता चालण्यासाठी. आमच्या संघातल्या बऱ्याच मुलांच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध शेजारी शेजारी असतात. स्तंभापाशी ती गप्प उभी राहिली, सेल्फीही उशिरा काढले. १९ तारखेच्या संध्याकाळी मात्र वर्ल्ड कपची फायनल हरलो आणि लॉजमध्ये सुतक पसरलं. मालकाने, जो स्वतः भारताच्या बाजूने होता, सगळ्यांना फुकट चहा पाजला.

२० नोव्हेंबरला संध्याकाळी काठमांडूत शिरलो. १९५६ मध्ये नेमक्या त्याच तारखेला डॉ. आंबेडकर काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले होते. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मी हे बसमध्ये माइकवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या निवेदनात एका विद्यार्थिनीने आपण होऊन ते घेतलं. प्रेक्षकांत बसलेल्या काही वयस्कर मंडळींनी नंतर येऊन तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. दोन देशांमधला असा एखादा खरा धागा आधीच शोधून ठेवा. धर्मानंद कोसंबी हा गोव्याचा माणूसही बौद्ध धर्म शोधत १९०२ मध्ये आधी काठमांडूलाच पोचला होता, श्रीलंकेला नंतर गेला. आणि अठराशे सत्तावनच्या उठावानंतर पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना आसरा मिळाला तो नेपाळातच.

एक सांगायचं राहिलं. आम्ही निघण्याआधी बाराच दिवस, ३ नोव्हेंबरला, जाजरकोटला भूकंप झाला. दीडशेवर माणसं गेली. जाजरकोट पश्चिमेला, आमच्या वाटेपासून खूप लांब. पण पालकांना नकाशा दाखवून हे सांगणं तुमचं काम आहे. आम्ही एक बैठक घेतली, तरी दोन मुली गळाल्या. त्यांच्या जागी घ्यायला राखीव यादी तयार होती, म्हणून नाचाचा गट मोडला नाही. राखीव यादी ठेवा, आणि राखीव मुलांचीही मतदार कार्डं काढून ठेवा.

५. वाद्यं आणि सामान

ढोलकी, पखवाज, संबळ, दोन हार्मोनियम, तुणतुणं, एक मिक्सर, चार माइक. यांची यादी महाविद्यालयाच्या पत्रावर, यंत्रांच्या क्रमांकांसह बनवा. सीमेवर भन्सार कार्यालयात स्वतः जाऊन ती दाखवा, शिक्का मारून मागा. कुणी विचारलं नाही तरी जा. आम्हाला जाताना कुणीच अडवलं नाही, येताना मात्र मिक्सरवर बोट ठेवून "हे कुठून घेतलंत?" असा प्रश्न आला. शिक्क्याच्या कागदाने दोन मिनिटांत सुटलो.

ड्रोन नेऊ नका, त्याला तिकडे वेगळी परवानगी लागते. ढोलकीच्या शाईला काठमांडूची नोव्हेंबरची थंडी मानवत नाही, सूर उतरतो. वादकाला तासभर आधी सभागृहात सोडा.

६. पैसे आणि फोन

भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार 'आयसी' म्हणाला तर भारतीय आणि 'एनसी' म्हणाला तर नेपाळी. भाव विचारल्यावर "कुठले?" हा दुसरा प्रश्न विचारायची मुलांना सवय लावा. आमच्या एकीने ८०० ची शाल भारतीय ८०० देऊन आणली. तिला ती ५०० ला पडायला हवी होती.

२०१८ च्या डिसेंबरात नेपाळने १०० हून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. हे नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम पाहा. आम्ही शंभराच्या गड्ड्या नेल्या आणि भैरहवात नेपाळी करून घेतल्या. मार्च २०२४ पासून बऱ्याच दुकानांत फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. इथे पुन्हा तीच गंमत: तो फोनपे नेपाळचा वेगळा, आपला तो नव्हे.

सिम एनटीसीचं किंवा एनसेलचं. शिक्षकांनी तीन घ्या, मुलांना वायफाय पुरतं. नेपाळात टिकटॉक चालतं म्हणून काही मंडळी घरूनच रील्सचे बेत करून आली होती. आम्ही निघालो त्याच आठवड्यात, १३ नोव्हेंबरला, तिथेही बंदी जाहीर झाली. ती आता उठली आहे.

७. भाषा: ओळखीचे अनोळखी शब्द

लिपी वाचता येते म्हणून मुलं धडाधड पाट्या वाचतात आणि धडाधड चुकीचा अर्थ लावतात. ही छोटी यादी छापून प्रत्येकाला द्या:

- शिक्षा: शिक्षण
- घाम: ऊन (घामाला पसिना म्हणतात, "आज राम्रो घाम छ" म्हणजे आज छान ऊन पडलंय)
- बहिनी: धाकटी बहीण (वहिनीला भाउजू)
- भाइ: फक्त धाकटा भाऊ, मोठा तो दाइ, मोठी ती दिदी
- टोल: वस्ती, आळी (टोलनाका नव्हे)
- नाका: सीमेवरचं प्रवेशद्वार
- चिउरा: पोहे
- जात्रा: जत्रा, उत्सव (हा एक मात्र सरळ निघाला)

भाइ-दाइचा घोळ गंभीर आहे. आपल्याकडे कुणालाही 'भाऊ' म्हटलं की मान दिल्यासारखं होतं. तिकडे वयाने मोठ्या माणसाला 'भाइ' म्हणणं म्हणजे त्याला लहान करणं. नक्की कळलं नाही तर 'दाइ', 'दिदी' आणि 'तपाईं'. हिंदी बहुतेकांना कळते, पण पहिलं वाक्य तरी मोडक्यातोडक्या नेपाळीत बोला. "सगळ्यांना हिंदी येतेच की" हे वाक्य मोठ्याने तर मुळीच नको.

८. व्यासपीठावर काय टाळायचं

इथे मुलांपेक्षा मोठ्यांना सांगावं लागतं. आमच्या संघात एक मान्यवर होते (दरवेळी एक असतातच). त्यांच्या भाषणाचा मसुदा मी आदल्या रात्री मागून घेतला, आणि बरं झालं.

त्यात 'भारतभूमीत जन्मलेले गौतम बुद्ध' होतं. लुंबिनी नेपाळात आहे, आणि हे वाक्य तिकडे एखाद्या शिवीसारखं लागतं. 'धाकटा भाऊ नेपाळ' होतं. ते काढलं. 'तुमच्या बहादूर लोकांमुळे आमच्या सोसायट्या सुरक्षित' होतं. ते काढताना मला राग आवरावा लागला. आपल्याकडे कुठल्याही नेपाळी रखवालदाराला बहादूर म्हणतात, हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि ते आवडत नाही.

बॅनरवर दोन देशांचे नकाशे छापू नका. कालापानी, लिपुलेख, लिम्पियाधुरा या भागांवरून वाद आहे, नेपाळने २०२० मध्ये नवा नकाशाच काढला. तुमचा नकाशा एका बाजूला नक्की खटकणार. आम्ही बॅनरवर ढोलकी आणि मादल (त्यांची ढोलकी) काढले. आणि २०१५ च्या नाकाबंदीचा (सीमेवरून माल येणं थांबलं होतं, तिकडे दोष भारताला देतात) विषय कुणी काढला तर वाद घालू नका, ऐकून घ्या. त्या हिवाळ्यात घरात गॅस नव्हता, हे सांगणारा माणूस तुमच्याशी भांडत नसतो.

कार्यक्रमाची वेळ अर्धी ठेवा. आम्ही दोन तासांचा भरगच्च कार्यक्रम नेला होता: ओवी, भारूड, पोवाडा, कोळीनृत्य. एक तासानंतर लोक नम्रपणे टाळ्या वाजवत होते, एवढंच. मग तिकडच्या सरांनी सुचवलं म्हणून त्यांच्या मुलांचं दोहोरी मध्ये घातलं. दोहोरी म्हणजे मुलामुलींच्या दोन बाजू, एकाने गाण्यात टोमणा मारायचा, दुसऱ्याने जागच्या जागी गाण्यातच उत्तर द्यायचं. आमची मुलं उभीच राहिली. अरे, हा तर सवाल-जवाब! आमचा ढोलकीवाला न विचारता मादलवाल्याशेजारी जाऊन बसला. मादल मांडीवर आडवं, आमची ढोलकीही आडवी. त्याने आधी त्यांच्या झ्याउरे तालाच्या सहा मात्रा दोन-तीन आवर्तनं नुसत्या मान हलवून ऐकल्या, मग डाव्या हाताने हळूच घुमारा दिला. मादलवाला त्याच्याकडे न बघता हसला आणि लय वाढवली. पुढची चाळीस मिनिटं ठरलेल्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती आणि लोकांनी मागून मागून ऐकली ती तेवढीच. पुढच्या वेळी मी निम्मा वेळ एकत्र तालमीला देणार आणि दोन दिवस आधी पोचणार.

९. परतीची भेट

देवाणघेवाण म्हणायची तर त्यांनाही बोलवावं लागतं, आणि याची तयारी बहुतेक जण करत नाहीत. नेपाळी नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. विमानाने यायचं तर पासपोर्ट किंवा नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र १६ व्या वर्षापासून मिळतं, त्यामुळे क्याम्पसच्या मुलांकडे ते बहुधा असतं. आपल्या पोरांपेक्षा त्यांची कागदपत्रं पक्की असतात.

अडचण इकडे येते. आमच्या गावातल्या एका लॉजवाल्याने व्हिसाशिवाय खोली द्यायला नकार दिला. शेवटी सगळ्यांना वसतिगृहात आणि घरोघरी उतरवलं, ते जास्त छान झालं. पण आधीच ठरवून करा. नेपाळी नोटा आपल्याकडे कुणी बदलून देत नाही, त्यांना भारतीय रुपये घेऊनच यायला सांगा. इथलं सिम मिळायला त्रास होतो. चार जुने फोन आपल्या सिमसह तयार ठेवा. जेवणात दोन्ही वेळेला भात ठेवा. भाकरी कौतुकाने खातात, पण दुसऱ्या दिवशी भाताकडे बघतात. आणि मे महिन्यात बोलावू नका.

निमंत्रणपत्र पाठवताना वर इंग्रजी तारीख, त्याखाली त्यांची गते, आणि त्याखाली वार, ठळक अक्षरांत. आमच्या कार्यालयातल्या क्लार्कने विचारलं, "मॅडम, तीन-तीनदा कशाला?" मी त्याला ते जुनं निमंत्रण दाखवलं, 'मंसिर ५ गते' लिहिलेलं, आणि म्हटलं, "सांग बघू, कधी आहे कार्यक्रम?" त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि मार्गशीर्षाच्या पानावर बोट ठेवलं.